काचेतल्या केकची कड

माझ्या मोठ्या जाऊबाईंबद्दल, म्हणजे ताईंबद्दल, चांगलं बोलायची वेळ आली की मला आधी घोटभर पाणी प्यावं लागतं. खोटं कशाला बोलू? एकोणीस वर्षं आम्ही एकाच घरात वरखाली राहतोय, सोळा वर्षं एकाच केकच्या दुकानात कामाला जातोय, आणि एवढ्या सगळ्या काळात मी त्यांना पाण्यात पाहिलंय. तरीही त्यांच्याबद्दल लिहायचं तर ते मीच लिहायला हवं. जळणारं माणूस जितकं बारकाईनं बघतं, तितकं प्रेम करणारं काही बघत नाही. थोरल्या दिरांना विचारा, ताईंच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर घट्टा आहे की डाव्या. त्यांना सांगता यायचं नाही. मला येतं. उजव्या.

आमच्या दुकानाच्या काचेत जे एकमजली, तीनमजली केक मांडलेले दिसतात, ते खायचे नसतात. आत थर्माकोल असतो. त्यावर फाँडंट चढवतात, म्हणजे साखरेचं घट्ट मळलेलं, पोळीसारखं लाटता येणारं आवरण. हे थर्माकोलचे केक, आम्ही त्यांना डमी म्हणतो, ताई करतात. त्यांचे वडील खुर्च्या आणि सोफ्यांना कापड चढवायचे, आणि ताई दहा वर्षांच्या असल्यापासून त्यांच्या हाताखाली बसायच्या. कोपऱ्यावर कापड ओढायचं नसतं, बसवायचं असतं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. मला ते अजून नीटसं कळलेलं नाही.

सकाळी आल्या की त्या अंगठी आणि घड्याळ काढून डबीत ठेवतात आणि थोरल्या दिरांचा जुना पांढरा शर्ट अंगावर चढवतात. पांढराच, कारण रंगीत कपड्याचा एखादा धागा जरी ओल्या फाँडंटवर पडला तरी तो जन्मभर दिसत राहतो. मग थर्माकोलच्या कडेवरून पॉलिश पेपर फिरवायचा, कारण अगदी कोऱ्या कडेवर फाँडंट फाटतं. भुसा पुसायचा, ओल्या ब्रशचा एक हात मारायचा, आणि लाटलेलं फाँडंट दोन्ही हातांवर घेऊन एकदाच अंथरायचं. त्यानंतर त्यांचे तळवे वरून खाली फिरतात, आणि जिथे माझ्या हाताखाली चुण्या पडतात तिथे त्यांच्या हाताखाली काहीच होत नाही. हे बघताना माझ्या पोटात दुखायचं. अजूनही दुखतं.

त्यातून बाईंचा विनय. एखादं गिऱ्हाईक काचेपुढे उभं राहून कौतुकाचे पूल बांधायला लागलं, की ताई मान खाली घालून म्हणणार, "आत काही नाही हो." झालं. पुढच्या माणसाचा जीव आणखीनच विरघळायचा. माझं कुणी कौतुक केलं तर मी आपली हो म्हणते आणि गप्प बसते. मला तो विनय कधी जमलाच नाही.

मी खरे केक करते. ओव्हन माझा, भांडी माझी, पहाटेचं उठणं माझं. आणि माझं भांडण होतं ते थेट थर्माकोलशी. आमचे हे हसायचे, म्हणायचे, थर्माकोलशी कसली स्पर्धा करतेस? पण त्यांनी एकदा आमच्या काउंटरवर उभं राहून बघायला हवं होतं. गिऱ्हाईक यायचं, काचेतल्या केकवर बोट ठेवून म्हणायचं, हाच द्या. मी तस्सा करायची. रंग तोच, फुलं तीच. पण खरा केक म्हणजे अंडी, मैदा आणि लोणी. चार तास उभा राहिला की तो आपल्या वजनानं बसतो, वरची कड गोल होते, खाली थोडं पोट सुटतं. संध्याकाळी गिऱ्हाईक खोका उघडून एकदा केककडे बघणार, एकदा काचेकडे बघणार, आणि तोंड वाकडं करून म्हणणार, तसा नाही झाला. ते अगदी तोंडात मारल्यासारखं लागायचं. आणि पलीकडच्या कोपऱ्यात ताई आपल्या शांतपणे साखरेची पानं कापत बसलेल्या. मला वाटायचं, ऐकतायत आणि मनात हसतायत.

घरी गेल्यावर मी भांडी आपटायची. वरच्या मजल्यावर ऐकू जाईल अशीच आपटायची.

मग कधीतरी हे बदललं. चार वर्षांपूर्वीची गोष्ट असेल. तक्रारी कमी झाल्या, आणि मग थांबल्याच. गिऱ्हाईक खोका उघडायचं, काचेकडे बघायचं आणि म्हणायचं, वा, अगदी सारखा. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी त्या काळात लोण्याचं प्रमाण थोडं कमी केलं होतं, केक गार करायला जास्त वेळ द्यायला लागले होते, तेव्हा मला वाटलं, आला हात. शेवटी मेहनतीला फळ आलं.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. ताईंच्या कामात ढिलाई आली होती. डमीच्या कडा पूर्वीसारख्या येत नव्हत्या. त्यांच्या जुन्या कडेवर बोट फिरवलं तर कापेल की काय वाटायचं, आणि आता तिथे एक मऊ गोलाई दिसायची, खाली जरासा फुगवटा. गिऱ्हाइकाला कळलं नसतं. मला कळलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी ते मालकिणीच्या कानावर घातलं. काळजीचा सूर लावून म्हटलं, ताईंचा हात आता जड झालाय हो, वयाचं चालायचंच. मालकिणीनं चष्मा लावून काचेतला एक केक नीट पाहिला. मी आत जाऊन ओव्हन पुसायला घेतला आणि पुसता पुसता गुणगुणत होते.

गेल्या वर्षी मालकिणीनं दुसरं दुकान घेतलं. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, कोपऱ्यावरचं, दोन्ही बाजूंनी काच असलेलं. तिथं बघायला तिला एक माणूस हवं होतं आणि ते आम्हा दोघींपैकी एक असणार, हे उघड होतं. मला ते दुकान हवं होतं. इतकी वर्षं मागच्या खोलीत ओव्हनसमोर भाजून निघाल्यावर मला एकदा काचेच्या बाजूला उभं राहायचं होतं.

ताईंना ते किती हवं होतं, हे त्या तोंडानं कधी म्हणाल्या नाहीत. पण एका रविवारी मी भाजी आणायला गेले होते, तर ताई त्या रिकाम्या दुकानासमोर उभ्या होत्या. रंगाऱ्याशी काहीतरी बोलल्या, आणि पर्समधून फाँडंटचे तीन तुकडे काढून त्यांनी त्याच्याकडून काचेच्या आत ठेवून घेतले. गुलाबी, जांभळा, निळा. उन्हानं कुठला रंग किती दिवसांत उडतो ते बघायला. दुकान अजून कुणाला मिळालेलं नव्हतं आणि या बाई तिथलं ऊन मोजत होत्या. मी भाजीच्या गाड्याआड उभी राहून सगळं बघितलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या आठवड्यात मालकिणीनं मला आत बोलावलं. म्हणाली, नवीन दुकान तुला देईन म्हणते. चार वर्षांत तुझ्या केकची एक तक्रार नाही. तुझी जाऊ चांगली आहे, पण तूच म्हणालीस तसं, तिचा हात आता पूर्वीचा राहिला नाही. मात्र तिथं डमीही तुलाच बघाव्या लागतील, तेव्हा एक करून दाखव.

मी हवेत होते. थर्माकोलला फाँडंट चढवायचं, त्यात काय मोठं? ताई दाताच्या डॉक्टरकडे जाणार होत्या, तो दिवस मी धरला. त्यांच्या टेबलाशी गेले, थर्माकोलचा आठ इंची गोल समोर घेतला आणि हाताच्या सवयीनं त्याला आधी बटरक्रीमचा छान थर लावला. अर्धा गोल लावून झाल्यावर लक्षात आलं की अगं, हे वर्षभर काचेत, उन्हात उभं राहायचंय. हे वितळणार, फाँडंट घसरणार, मुंग्या लागणार. हसू नका. सोळा वर्षं खरे केक केलेल्या बाईकडूनच अशी चूक होते. सगळं पुसून काढलं आणि दुसरा गोल घेतला. आता फाँडंट अंथरलं, तर डमीच पळायला लागली. खऱ्या केकला वजन असतं, तो जागेवर बसून राहतो. हिला जरा हात लावला की ही टेबलाच्या दुसऱ्या टोकाला.

तिला खालून चिकटवायला काही मिळतंय का, म्हणून मी ताईंचा खण उघडला. वर पॉलिश पेपर, टाचण्या, ब्रश. त्याखाली एका पाकिटात पुठ्ठ्याच्या पट्ट्या होत्या, आठ-दहा तरी. प्रत्येक पट्टीची एक बाजू वेडीवाकडी कापलेली आणि त्यावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं. सहा इंच, साधा. आठ इंच, चॉकलेट. दहा इंच, फळांचा, जास्त बसतो. खाली तारखा.

फळांचा केक जास्त बसतो. माझा फळांचा केक. म्हणजे या बाई माझ्या केकची मापं घेत होत्या. मी दुपारी जेवायला घरी गेले की माझ्या केकजवळ जाऊन, किती बसलाय, कुठे पोट सुटलंय, त्याचा पुरावा पुठ्ठ्यावर कापून ठेवत होत्या. वेळ आली की मालकिणीपुढे टाकायला. मी मनातल्या मनात त्यांना जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चॉकलेटची पट्टी घेऊन मी ताडताड आत गेले. सकाळचा आठ इंची चॉकलेट केक तयार होता, संध्याकाळी जायचा होता. पट्टी त्याला लावली. वरच्या गोलाईपासून खालच्या फुगवट्यापर्यंत ती इतकी चपखल बसली की मधून उजेडसुद्धा दिसेना. बघा, म्हटलं, पुरावा. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तीच पट्टी घेऊन बाहेर गेले आणि काचेतल्या आठ इंची डमीला लावली.

तिलाही ती तशीच बसली.

मी दुसरी पट्टी लावली, तिसरी लावली. काचेतल्या प्रत्येक डमीवर माझा केक होता. वरची कड माझ्या केकसारखी उतरलेली, खाली फाँडंटची वळी लपवून माझ्या केकसारखं पोट काढलेलं. सगळ्यात जुन्या पट्टीवरची तारीख चार वर्षांपूर्वीची होती. म्हणजे माझा हात बिलकुल सुधारला नव्हता. माझे केक पूर्वी बसायचे तितकेच बसत होते. बदललं होतं ते थर्माकोल.

मी तिथेच स्टुलावर बसले. तुम्हाला वाटेल, माझे डोळे भरून आले असतील. नाही आले. मला इतका राग आला होता की विचारू नका. या बाईनं माझ्याकडून माझी चार वर्षांची कमाई काढून घेतली होती, आणि तीही उपकार करून. भांडायलासुद्धा जागा ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या, गाल सुजलेला. मी पाकीट त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं आणि विचारलं, हे काय आहे. त्यांनी ते पाकीट पाहिलं, अंगठी काढून डबीत ठेवली, शर्ट चढवला, आणि मग बोलल्या.

"गिऱ्हाईक इथं तुला बोलायचं आणि तू घरी जाऊन भांडी आपटायचीस. माझ्या डोक्यावरच राहतेस असं वाटायचं, खाली असून. तू तर थांबणार नव्हतीस. मग म्हटलं, थर्माकोल घासू."

"आणि तुमचा हात जड झाला, असं सगळे म्हणाले, तेव्हा का नाही बोललात?"

"सगळे कुठं म्हणाले?" ताई सुजलेल्या गालानं जमेल तितकं हसल्या. "तूच एकटी म्हणालीस."

त्यांना माहीत होतं. मालकिणीनंच विचारलं असणार त्यांना. सगळं माहीत असून त्या रोज माझ्याबरोबर चालत कामावर येत होत्या, आणि माझ्या केकचं पोट थर्माकोलवर काढत होत्या. मी आयुष्यात कुणावर इतकी जळले नव्हते. कुणाच्या हातातल्या कसबावर जळणं वेगळं आणि माणसावर जळणं वेगळं. त्यांच्या कडांवर मी सोळा वर्षं जळत होते, पण अशा माणसावर जळायचं तर ते कुठे नेऊन पुरायचं?

नवीन दुकान माझ्या हातात होतं आणि ताई काही बोलणार नव्हत्या, हे मला पक्कं माहीत होतं. तिसऱ्या दिवशी मी पाकीट घेऊन मालकिणीकडे गेले. माझा मोठेपणा म्हणाल, तर तो नाही. त्या कोपऱ्यावरच्या दुकानात रोज सकाळी कुलूप उघडताना हे मला ताईंनी दिलंय असं वाटणार होतं, आणि ते मला सोसवलं नसतं. मी मालकिणीला सगळं सांगितलं. हात जड झाल्याचं मी का म्हटलं होतं, तेही सांगितलं.

मला वाटलं होतं, मालकीण ताईंची पाठ थोपटेल. ती भडकली. चार वर्षं माझ्या काचेत मुद्दाम बिघडवलेला माल, म्हणाली. दोघींना समोर उभं केलं, दोघींनाही सुनावलं. आणि शेवटी ताईंना म्हणाली, तीन मजली एक डमी करा, तुमच्या मूळच्या हातानं. ती याच दुकानाच्या काचेत लागेल. मला दिसू दे काय आहे ते, मग नवीन दुकानाचं बघते.

त्या दुपारी ताईंनी मला डमीखालचा पाट धरायला बोलावलं. डमी हलकी असते, काम करताना कुणी धरली तर बरं पडतं. सोळा वर्षांत त्यांनी मला हे पहिल्यांदा सांगितलं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी पाट धरून उभी राहिले. त्यांनी फाँडंट अंथरलं. वरचा भाग गुळगुळीत केला, मग बाजू, आणि मग दोन प्लास्टिकच्या पट्ट्या, एक वरून आणि एक बाजूनं, एकमेकींकडे सरकवत सरकवत त्यांनी कड काढायला घेतली. चार वर्षं ती कड त्यांच्या हातात दाबून ठेवलेली होती. ती बाहेर येताना मी बघितली. इतकी सरळ, इतकी बारीक, की टेबलावर तिची सावलीसुद्धा सरळ पडली. मला मेलं असं एकदा तरी जमायला हवं होतं.

कड पूर्ण झाल्यावर त्या थांबल्या. मालकीण बाहेर काउंटरवर होती. ताईंनी आवाज खाली केला.

"अशीच ठेवू, की जरा उतरवू? थोडी उतरवली तर तिला कळायचं नाही. ही इथंच राहणार आहे, तुझ्या केकच्या शेजारी."

माझा अंगठा त्या कडेपासून चार बोटांवर होता. फाँडंट अजून ओलं होतं. नुसतं उतरवा म्हणायची खोटी होती, किंवा काही न म्हणता अंगठा टेकवायची. दुकान कदाचित माझंच राहिलं असतं. निदान तक्रारी तरी आल्या नसत्या.

"राहू द्या तशीच," मी म्हटलं.

ताईंनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि दुसरा मजला लाटायला घेतला.

नवीन दुकान त्यांना मिळालं. मला वाईट वाटलं का, असं आमच्या ह्यांनी विचारलं. वाटलं. आठवडाभर नीट जेवले नाही. ती तीन मजली डमी शनिवारी काचेत लागली, आणि सोमवारी सकाळीच एक बाई तिच्यापुढे थबकल्या. बराच वेळ बघत राहिल्या, मग आत येऊन म्हणाल्या, लेकीच्या लग्नाला अगदी असाच हवा.

मी हात पुसून पुढे गेले. "असा नाही येणार," मी म्हटलं. "खरा केक थोडा बसतो. कड इतकी सरळ राहत नाही आणि खाली जरा पोट सुटतं. चवीला चांगला होईल, ते मात्र सांगते."

बाई थोड्या हिरमुसल्या. पुन्हा काचेकडे बघून म्हणाल्या, मग हा कुणी केला?

"माझ्या जाऊबाईंनी," मी म्हटलं. "त्या आता कोपऱ्यावरच्या दुकानात असतात."